टॅरोचे ७८ पत्ते, एक वही आणि जुन्या लग्नपत्रिका

टॅरो म्हणजे चित्रं असलेले ७८ पत्ते, ज्यांवरून बरेच जण भविष्य सांगतात. ते शिकायला बसलं की पहिल्या आठवड्यातच अडचण कळते. पुस्तकं इंग्रजीत, व्हिडिओ बहुतेक हिंदीत, आणि आपलं मन चालतं मराठीत. त्यात तुम्ही माझ्यासारखे खेड्यात राहत असाल तर शेजारी बसून समजावणारंही कोणी नसतं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात राहते. सुरुवातीला मी एका ऑनलाइन वर्गाचे ३००० रुपये भरले. त्यांनी ७८ पत्त्यांच्या अर्थांची इंग्रजी पीडीएफ पाठवली आणि पाठ करा म्हणून सांगितलं. मी ती शब्दकोश घेऊन अख्खी मराठीत उतरवली. ‘विपुलता’, ‘पूर्तता’, ‘अंतर्ज्ञान’ असे शब्द पानोपानी लिहिले. आठ महिने गेले आणि पत्ता समोर आला की डोकं कोरंच राहायचं.

मग एका माघात संध्याकाळी शेजारच्या काकू वावरातून येताना दिसल्या. डोक्यावर तुराट्यांचा भारा होता. शेंडे पुढे झुकल्यामुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पावलं दिसत होती. मी हात लावायला पुढे झाले तर त्या म्हणाल्या, “राहू दे वं, घर आलंच आता.” मी जागीच थांबले. हा तर ‘टेन ऑफ वाँड्स’! दहा काठ्यांची मोळी उचललेला वाकलेला माणूस, काठ्यांत लपलेलं तोंड, समोर दिसणारी घरं. पीडीएफमध्ये या पत्त्यापुढे ‘ओझे, जबाबदारी’ एवढंच होतं. काकूंनी मला त्यापुढचं दाखवलं. ओझं पेलण्यापलीकडे गेलं तरी माणूस ते दुसऱ्याच्या हातात देत नाही, कारण घर जवळ आलेलं असतं. तो पत्ता मी पुन्हा कधी विसरले नाही.

त्यानंतर मी सगळा अभ्यास नव्याने मांडला. ज्या साधनांनी मला ७८ पत्ते पक्के झाले ती घरच्या घरी कशी करायची, ते इथे क्रमाने लिहिते आहे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. टॅरोचे पत्ते १५व्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. त्यांवरून भविष्य सांगायची पद्धत १८व्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. पत्त्यातून उद्याचं कळतं याला शास्त्रीय आधार नाही, आणि मी तसं कोणाला सांगतही नाही. मनातला गुंता चित्रांसमोर बसून मोकळा करता येतो म्हणून मी पत्ते उघडते. तुमचा विचार वेगळा असेल, पण चित्रं नीट शिकावी लागतातच, आणि तो अभ्यास सगळ्यांना सारखाच आहे.

काय काय लागेल

- रायडर-वेट-स्मिथ पद्धतीचा एक कॅट
- २०० पानी मोठी वही, शक्यतो शिवलेली. स्पायरलची पानं निघून येतात
- सगळ्या पत्त्यांच्या छोट्या रंगीत झेरॉक्स
- जुन्या लग्नपत्रिका, ४०-५० तरी
- भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरची दोन-तीन मोठी पानं, मागून कोरी असलेली
- पेन्सिल, खोडरबर, चार रंगांची स्केचपेनं, डिंक, कात्री, पट्टी
- सुतळी आणि कपड्यांचे २२ चिमटे
- चपलांचे किंवा मिठाईचे तीन रिकामे खोके
- घट्ट झाकणाचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा
- आवाज रेकॉर्ड होईल असा साधा मोबाईल

१. कॅट निवडताना घाई करू नका

बाजारात शेकडो प्रकारचे कॅट आहेत. शिकणाऱ्याने सुरुवात १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर कंपनीच्या कॅटपासूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. त्याची कल्पना ए. ई. वेट यांची आणि चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्याआधीच्या मार्सेई (जुन्या फ्रेंच) पद्धतीच्या कॅटमध्ये ‘सात नाणी’ म्हणजे नुसती सात नाणी काढलेली असायची, आपल्या चौकटच्या सत्तीसारखी. पामेलाबाईंनी एक ते दहाच्या पत्त्यांवरही माणसं, घरं, नद्या, झाडं काढली. आपल्याला अर्थ चित्रातून शिकायचा आहे, तेव्हा चित्र असलेलाच कॅट हवा. पत्त्यांच्या कोपऱ्यात बारकाईने पाहिलं तर पामेलाबाईंच्या नावाची अक्षरं एकमेकांत गुंफलेली दिसतात. मला ती शोधायला आजही आवडतं.

घेताना दोन गोष्टी तपासा. सोनेरी चमकीचे स्वस्त कॅट टाळा, कारण त्यांत चेहरे आणि मागचा देखावा पुसट होतो आणि अभ्यास तिथेच अडतो. खिशात मावणारे छोटे कॅटही नकोत. नेहमीचा पत्ता साधारण पावणेपाच इंच लांब आणि पावणेतीन इंच रुंद असतो.

लगेच विकत घेणं जमत नसेल तरी थांबायचं कारण नाही. पामेलाबाई १९५१ साली वारल्या. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो. म्हणून १९०९ची मूळ चित्रं स्वतःच्या अभ्यासासाठी छापून घ्यायला अडचण नाही. आजच्या चित्रकारांच्या कॅटचं मात्र असं करू नका, ती त्यांची रोजी आहे. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याला एका ए-फोर पानावर ९ चित्रं बसवायला सांगा. ९ पानांत अख्खा कॅट येतो. ही झेरॉक्स वहीत चिकटवायलाही लागणारच आहे.

२. आधी नुसते पत्ते लावा

पहिले तीन-चार दिवस अर्थाच्या वाटेला जाऊ नका. गोधडी अंथरून पत्ते लावत बसा. २२ मोठे पत्ते वेगळे काढा. त्यांवर शून्य आणि पुढे २१पर्यंत रोमन आकडे आणि नावं असतात. उरलेले ५६ चार घरांत वाटा: काठ्या म्हणजे वाँड्स, पेले म्हणजे कप्स, तलवारी म्हणजे सोर्ड्स आणि नाणी म्हणजे पेंटॅकल्स.

ज्याने उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्ते कुटले आहेत त्याला हे अवघड नाही. बदामच्या जागी पेले, इस्पिकच्या जागी तलवारी, किलवरच्या जागी काठ्या, चौकटच्या जागी नाणी. आपल्या कॅटमध्ये एका रंगाचे १३ पत्ते असतात, इथे १४. गुलामाच्या जागी पेज (शिकणारं पोर) आणि नाइट (घोडेस्वार) असे दोन जण आहेत, एवढाच फरक. हे एकदा दिसलं की ७८ या आकड्याची भीती जाते.

३. वही: आधी चित्र, मग अनुभव, शेवटी पुस्तक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझे आठ महिने वाया गेले, कारण मी हा क्रम उलटा धरला होता.

एका पत्त्याला समोरासमोरची दोन पानं द्या. ७८ पत्त्यांना १५६ पानं लागतात, उरलेली तक्त्यांसाठी आणि रोजच्या नोंदींसाठी ठेवा. डाव्या पानावर वरती झेरॉक्स चिकटवा. मग पुस्तक बंद ठेवून, मोबाईल दूर ठेवून दहा मिनिटं चित्राकडे पाहा आणि खाली या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- चित्रात कोण आहे आणि ते काय करतंय?
- त्याची नजर कुठे आहे? हात मोकळे आहेत की अडकलेले?
- आभाळ, पाणी, जमीन कशी आहे?
- हा क्षण काही होण्याआधीचा आहे की झाल्यानंतरचा?
- असं मी कुठे पाहिलंय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर उजव्या पानावर जातं. एखाद्या पत्त्याला ते त्याच दिवशी मिळतं, एखाद्याला सहा महिन्यांनी. पान कोरं राहिलं तर राहू द्या. पुस्तकातला अर्थ सर्वांत शेवटी, उजव्या पानाच्या तळाशी, पेन्सिलने लिहा. पेन्सिलच हवी, कारण समज वाढली की ती ओळ तुम्ही बदलणार आहात.

माझ्या वहीतलं ‘सेव्हन ऑफ पेंटॅकल्स’चं पान कसं भरलं ते सांगते. डावीकडे लिहिलं: एक तरुण शेतकरी, लांब दांड्यावर रेलून उभा. हनुवटी हातांवर. समोर झुडूप, त्यावर नाणी लागलेली, एक नाणं पायाशी. काम थांबलंय. नजर पिकावर. हसत नाही, रडतही नाही.

उजवं पान बरेच दिवस कोरं होतं. मग पोळा झाल्यावर एक दिवस भाकर घेऊन वावरात गेले. पऱ्हाटी कमरेला लागली होती. डवरणी संपली होती, फवारणी झाली होती आणि वेचणीला अजून अवकाश होता. आमचे हे धुऱ्यावर फावड्याच्या दांड्यावर हनुवटी टेकून उभे होते. मी आवाज दिला तरी लगेच वळले नाहीत. जवळ गेल्यावर म्हणाले, “या ओळीत झाडामागं सतरा-अठरा बोंडं हायेत, तिकडच्यात कमी.” माणूस दमून उभा नव्हता. खताचे पैसे, कृषी केंद्राची उधारी, मजुरी आणि समोरची बोंडं यांचा मेळ लावत होता. मी वहीत लिहिलं: ‘धुऱ्यावर उभं राहून बोंडं मोजणं. मेहनत करून झाली, फळ अजून हातात नाही. या मधल्या दिवसांत हिशोब तेवढा करता येतो.’ पुस्तकात या पत्त्याला धीर, केलेल्या कामाचं मोजमाप, वाट पाहणं असं म्हटलंय. ते बरोबरच आहे. पण माझ्या ओळीत उधारीची काळजीही आहे, आणि पत्त्यावरच्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर मला ती दिसते.

इथे एक खड्डा आहे. आपली गोष्ट इतकी आवडते की तो पत्ता तेवढ्यापुरताच होऊन बसतो. म्हणून उजव्या पानावर पहिल्या अनुभवाखाली दोन-तीन बोटं जागा सोडा. वर्षभराने मुलगी दहावीच्या निकालाची वाट पाहत होती, तेव्हा हाच पत्ता निघाला आणि शेती बाजूला ठेवून मला तो नव्याने वाचावा लागला. ती नोंदही आता त्याच पानावर आहे.

४. कॅलेंडरच्या पाठीवर मोठा तक्ता

४० छोटे पत्ते एकेक करून पाठ करायला गेलात तर थकाल. कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला वरती आडव्या रांगेत चार घरं लिहा आणि डावीकडे खाली एक ते दहा आकडे. चाळीस चौकोन तयार होतात.

घरांची ओळख अशी लिहा की मनात चित्र उमटेल. पुस्तकं सांगतात काठ्या म्हणजे अग्नी, पेले म्हणजे पाणी, तलवारी म्हणजे वायू आणि नाणी म्हणजे पृथ्वी. मी काठ्यांपुढे ‘चुलीतला जाळ: उमेद, धडपड’ लिहिलं. पेल्यांपुढे ‘विहीर: माया, नाती, रडू’, तलवारींपुढे ‘वारा: विचार, बोलणं, लागलेले शब्द’ आणि नाण्यांपुढे ‘माती: पैसा, काम, शरीर’.

आकड्यांचा माझा क्रम: एक्का म्हणजे बी, दोन म्हणजे जोडी किंवा निवड, तीन म्हणजे कोंब वर येणं, चार म्हणजे स्थिर होणं, पाच म्हणजे बिघाड, सहा म्हणजे सावरणं, सात म्हणजे पारखणं, आठ म्हणजे कामाला जोर, नऊ म्हणजे काठावर पोचणं, दहा म्हणजे भरून वाहणं. हा क्रम सगळीकडे एकसारखा लागू होत नाही, काही कॅटकार तो वेगळा धरतात. तुमच्या वहीत तुमचा एकच क्रम ठेवा आणि अधूनमधून बदलत बसू नका.

आता पाचाची आडवी रांग पाहा. काठ्यांच्या पंजीत पाच पोरं काठ्या घेऊन एकमेकांत भिडलीत. पेल्यांच्या पंजीत काळा झगा घेतलेला माणूस तीन सांडलेल्या पेल्यांकडे बघतोय. मागे दोन पेले उभे आहेत आणि पलीकडे नदीवर पूल आहे, पण त्याची पाठ तिकडे आहे. तलवारींच्या पंजीत एकाने तलवारी गोळा केल्यात आणि दोघं हरून निघालेत. नाण्यांच्या पंजीत दोन गरीब माणसं बर्फातून, उजेड असलेल्या खिडकीखालून चाललीत. चारही ठिकाणी बिनसलंय, पण एकदा उमेदीत, एकदा मायेत, एकदा शब्दांत, एकदा पैशात. अशा रांगा वाचायला लागलात की नवीन पत्त्याचा अर्धा अर्थ तुमचा तुम्हालाच लागतो. माझा तक्ता स्वयंपाकघरात डब्यांच्या मांडणीशेजारी लावला होता. भाकरी थापताना डोळे आपोआप तिकडे जायचे.

५. राजवाड्यातले सोळा जण

पेज, नाइट, राणी, राजा, प्रत्येक घरात चौघं. नवशिके इथेच अडतात, कारण चित्रात प्रसंग कमी आणि माणूस जास्त असतो. मी वंशावळ काढतात तसे चार वाडे काढले. पेज म्हणजे शिकणारं पोर, नाइट म्हणजे घोड्यावर निघालेला तरुण, राणी म्हणजे घर आतून सांभाळणारी, राजा म्हणजे बाहेरचा कारभार पाहणारा. आता घर जोडा. पेल्यांची राणी म्हणजे तुमचं म्हणणं पूर्ण ऐकून घेणारी आत्या. तलवारींची राणी म्हणजे तोंडावर खरं बोलणारी मावशी. काठ्यांचा नाइट म्हणजे आठ दिवसांत तीन धंदे ठरवणारा चुलतभाऊ.

नातेवाईक लिहायचे ते पेन्सिलनेच, आणि वही घरात कोणाच्या हाती लागणार नाही एवढं पाहा. मी ‘तलवारींचा राजा’ कोणासमोर लिहिला होता ते घरात कळलं आणि दोन दिवस बोलणं बंद होतं. आणखी एक लक्षात ठेवा: राणी म्हणजे बाईच आणि राजा म्हणजे पुरुषच असं धरू नका. तो स्वभाव आहे, कोणाचाही असू शकतो.

६. २२ मोठे पत्ते दोरीवर

खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळी बांधा आणि शून्य क्रमांकाच्या ‘फूल’पासून (इंग्रजी फूल, म्हणजे वेडा) २१ क्रमांकाच्या ‘वर्ल्ड’पर्यंतच्या झेरॉक्स चिमट्यांनी ओळीने लावा. मूळ पत्ते टांगू नका, चिमट्याचे वळ पडतात. फूल म्हणजे गाठोडं खांद्यावर टाकून कड्याच्या टोकावर आलेला पोरगा, पायाशी पांढरं कुत्रं. तिथून तो निघतो आणि एकेका पत्त्याला भेटत जातो असं समजून दोरीच्या बाजूने चालत गोष्ट मोठ्याने सांगा. चालत सांगितलेलं लवकर बसतं. या कॅटमध्ये स्ट्रेंग्थ ८ आणि जस्टिस ११ आहे. मार्सेई कॅटमध्ये ते उलट असतात. दोन पुस्तकं एकत्र वापरताना इथे हमखास घोळ होतो.

नावं मराठीत करताना जपून. १२ क्रमांकाचा पत्ता ‘हँग्ड मॅन’. मी पहिल्या वहीत त्याला ‘फाशी गेलेला माणूस’ लिहिलं होतं. आमच्या भागात कर्जापायी गेलेल्या माणसांच्या घरांत काय उरतं ते आम्ही रोज पाहतो. त्या नावाने तो पत्ता मला बरेच दिवस हातात धरवेना. एकदा दोरीवर लावलेली चित्रं पाहत सासूबाई त्याच्यापाशी थांबल्या.

“हा उलटा कावून टांगला वं?”

मी काय सांगावं या विचारात असताना त्याच पुढे म्हणाल्या, “पाय बांधला, पण तोंड पाह्य त्याचं. कसा शांत हाये. डोक्यामागं देवासारखं तेज हाये.”

खरंच, फास गळ्याला नाहीच. एक पाय बांधलाय, दुसरा सहज दुमडलाय, हात पाठीमागे आहेत आणि डोक्याभोवती प्रभा आहे. हा माणूस मेलेला नाही. थांबून जग उलट्या बाजूने पाहणारा आहे. मी नाव बदलून ‘उलटा थांबलेला’ केलं. पुस्तकातला अर्थही तोच निघाला: थांबणं, सोडून देणं, नवी नजर. तुमच्या घरी, ओळखीत असं दुःख असेल तर नाव ठेवताना हा विचार आवर्जून करा.

१३ क्रमांकाच्या डेथचंही असंच. पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे, पण मागे दोन बुरुजांच्या मधून सूर्यही आहे. मी त्याला ‘संपणं’ म्हणते. १६ क्रमांकाचा टॉवर म्हणजे वीज पडलेला बुरुज. तो आपल्याकडे कोणालाच समजवावा लागत नाही.

घरच्यांना खूण म्हणजे काय हे समजावायला मला भेंडवळची घटमांडणी उपयोगी पडली. बुलढाणा जिल्ह्यात अक्षय्य तृतीयेला वावरात धान्य मांडतात. तिथली मातीची चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, हे सासूबाईंना लहानपणापासून ठाऊक. “तसंच हे,” एवढंच म्हटलं. मांडणीतलं भाकीत खरं किती हा वेगळा विषय, पण एका वस्तूने दुसरी गोष्ट सुचवायची ही रीत आपल्याला परकी नाही.

७. लग्नपत्रिकांचे पाठांतर-पत्ते आणि तीन खोके

लग्नपत्रिकेचा कागद जाड असतो, मागून बहुतेक कोरा असतो आणि लगनसराईनंतर घरोघरी पडून असतो. कापताना गणपती आणि कुलदैवतांची नावं असलेला भाग आधी वेगळा काढा. त्यावर कात्री चालवलेली घरातल्या मोठ्यांना आवडत नाही, आणि त्यांचं मन राखलं की अभ्यासाला जागाही मिळते. उरलेल्या कागदाचे तीन बाय दोन इंचाचे ७८ तुकडे करा. छापील बाजूवर साधा कागद डकवला की दोन्ही बाजू लिहिता येतात.

एका बाजूला पत्त्याचं नाव आणि चित्रातली एकच खूण काढा. चित्रकला येत नसली तरी चालतं. माझा पूल म्हणजे एक कमान आहे. दुसऱ्या बाजूला वहीतले तुमचे तीनच शब्द. चौथा शब्द लिहायचा मोह होतो, पण चार झाले की एकही आठवत नाही.

आता खोके. ही पद्धत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली लोकांपर्यंत नेली. त्यात कप्पे जास्त असतात, मला तीन पुरले. पहिल्या खोक्यातले पत्ते रोज पाहायचे. आठवला तर दुसऱ्यात टाकायचा. दुसऱ्या खोक्याचा दिवस आठवडी बाजाराचा, म्हणजे लक्षात ठेवावं लागत नाही. तिथेही आठवला तर तिसऱ्यात. तिसरा खोका अमावस्येला. कुठल्याही खोक्यातला पत्ता चुकला की तो परत पहिल्या खोक्यात. रोज नवीन पाचच घाला. मी एकदा उत्साहात एका दिवशी वीस घातले आणि आठवडाभर त्यांच्यातच अडकून पडले. पाच-पाचने सगळे पहिल्यांदा हाताखालून जायला सोळा दिवस लागतात, पक्के व्हायला तीन-चार महिने धरा.

८. निंदणाच्या वेळेसाठी आवाज

ज्यांचे हात दिवसभर कामात असतात त्यांनी हे कराच. वहीतला एकेक पत्ता स्वतःच्या आवाजात मोबाईलवर रेकॉर्ड करा. आधी नाव, मग पाच सेकंद शांतता, मग चित्राचं वर्णन आणि तुमचे तीन शब्द. निंदताना ते ऐकायचं आणि त्या शांततेत मनातल्या मनात उत्तर द्यायचं. मी वऱ्हाडीतच बोलते, प्रमाण मराठीत बोललं की ते माझंच मला पाठ केल्यासारखं लागतं. रेकॉर्ड करताना घरात बसू नका, पंख्याचा आवाज येतो. एका रेकॉर्डिंगमध्ये एकाच घराचे पत्ते घ्या.

९. रोजचा एक पत्ता

सकाळी पत्ते पिसून एक काढा आणि वहीच्या मागच्या पानांत तारीख, पत्ता आणि एक ओळ लिहा. रात्री त्याखाली दिवसाची एक ओळ. दोन्हींचा मेळ बसवायची ओढाताण करू नका. ज्या दिवशी बसतो त्या दिवशी ती ओळ त्या पत्त्याच्या उजव्या पानावर न्या. पत्ता उलटा निघाला तर पहिले सहा महिने सरळ करून वाचा. उलट्या पत्त्यांचे वेगळे अर्थ सरळ अर्थ पक्के झाल्यावरच घ्या, नाहीतर ७८चे १५६ होतात आणि दोन्ही अर्धवट राहतात.

१०. गावात कळल्यावर

गावात काही लपत नाही. तुमच्याकडे पत्ते आहेत हे कळलं की लोक येतात, आणि शिकणाऱ्याचा पाय इथेच घसरतो. माझ्याकडे पहिली बाई आली ती हरवलेल्या पोतीचं विचारायला. तिच्या मनात जावेचं नाव आधीच होतं, मी एखादा पत्ता नुसता उचलला असता तरी तिला ते पक्कं वाटलं असतं. मी पत्ते काढलेच नाहीत, चहा केला.

चोरी कोणी केली, आजार बरा होईल का, मूल कधी होईल, कोण कधी जाईल, यावर पत्ते कधीच उघडू नका. आजाराचं विचारणाऱ्याला आरोग्य केंद्रात घेऊन जा, शक्य असेल तर सोबत जा. कर्जापायी खचलेला माणूस आला तर पत्ते बाजूला ठेवून त्याच्याशी बोला, त्याला एकटं सोडू नका आणि घरच्यांना कळवा. शिकत असताना कोणाकडून पैसे घेऊ नका. अंगात दैवी शक्ती आहे असं भासवून लोकांना फसवणं महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही माहीत असू द्या. सरावाला माणूस हवाच असेल तर एखादी जवळची मैत्रीण निवडा आणि तिला सांगा, “मी चित्रात काय दिसतं ते सांगते, तुला काय दिसतं ते तू सांग.” तिला दिसलेलं वहीत तिच्या नावाशिवाय लिहून ठेवा. माझ्या निम्म्या पानांवर आता अशा दुसऱ्यांच्या ओळी आहेत.

११. पावसाळ्यात सांभाळणं

मृगाच्या आधी मूळ पत्ते सुती कापडात गुंडाळून बिस्किटांच्या डब्यात ठेवा. सोबत तांदळाची छोटी पुरचुंडी आणि सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला टाका. ओलसर हाताने पिसलेले पत्ते एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंग निघतो. माझ्या मून पत्त्याचा खालचा कोपरा असाच गेला, तळ्यातून वर येणारा झिंग्यासारखा जीव अर्धाच उरलाय. दोरीवरची चित्रं उतरवून वहीत घाला. वही मात्र डब्यात कोंडू नका, आत दमटपणा धरते. गच्चीखालच्या भिंतीपासून हातभर दूर, फळीवर उभी ठेवा आणि कडक ऊन पडेल त्या दिवशी पानं पसरून तासभर अंगणात.